मताधिक्य

बासष्ट सालच्या निवडणुकीचा निकाल लागला, तेव्हा वेस्ट मांबलममधले राघोत्तमराव पेपर घेऊन घरात एकटेच बसले होते. त्यांच्या पक्षाचा उमेदवार गेल्या खेपेला नऊ हजारांनी निवडून आला होता, या खेपेला जेमतेम अकराशेंनी. जिंकल्याचा आनंद काही त्यांना होईना. लोकांचा उत्साहच आटला, असं त्यांच्या मनाने घेतलं.

शेजारच्या कनकाबाई सांबाराची वाटी घेऊन आल्या, तर त्यांनाही त्यांनी तेच ऐकवलं. "मतदानादिवशी सकाळपासून दारोदार फिरलो. एकेकाला हाताला धरून बूथवर नेलं. आपणहून कुणी येतच नाही हो आता."

"विशालाक्षी आली होती की," कनकाबाई म्हणाल्या. "तिचं नाव अजून इथल्याच यादीत आहे. आवडीहून सकाळच्या गाडीनं आली. तुम्हाला सांगू नका म्हणाली, म्हणून इतके दिवस गप्प राहिले."

राघोत्तमरावांनी पेपर खाली ठेवला. नवऱ्याचा पाय घरात ठरत नाही, सारा वेळ पक्षालाच जातो, म्हणून त्यांची बायको विशालाक्षी जवळच्याच आवडी गावी भावाकडे निघून गेली होती. त्याला आता चार वर्षं झाली होती.

"मत दिलं आणि तशीच परत गेली?" त्यांनी हळूच विचारलं.

 

"नाही. कपड्यांची ट्रंक घेऊन आली होती, दिवे लागेपर्यंत तुमच्या कुलूप लावलेल्या दाराशी बसून होती."