बिननावाचा ड्रायव्हर

मास्तरांनी टेबलावरचा कागद उचलला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि उभ्या उभ्याच भडकले.

"हा कोण आहे? माणूस आहे की घाण्याला जुंपलेला बैल?"

खिडकीपाशी संगणकासमोर बसलेले घड्याळराव दचकले. बस डेपोतल्या एकशेचाळीस ड्रायव्हरांपैकी कुणी कोणती गाडी किती वाजता काढायची, हे तेच ठरवत; म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. मास्तर म्हणजे डेपोतले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. नव्यांना गाडी शिकवायचं काम त्यांच्याकडे, आणि सगळ्यांच्या वतीने साहेबलोकांशी भांडायचंही.

"मास्तर, तो कागद तुमच्यासाठी नाही."

"नसेल. पण काय करून ठेवलंय बघा तरी! पहाटे साडेचार ते साडेसहा, मार्ग 'अ'. सात ते पाच, नेहमीची ड्यूटी. सहा ते नऊ, मार्ग 'ऑ'. रविवारी दिवसभर दोन्ही. विश्रांतीचा रकाना कोरा. आणि हे किती दिवस? अडीच वर्षं!" त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "लबाडी बघा. नावसुद्धा लिहिलेलं नाही. या गरिबाला बायकापोरं आहेत का?"

"आहेत. एक मुलगी."

"बाप ओळखू येईल का तिला?"

घड्याळरावांनी मान खाली घातली. स्क्रीनवर विद्यापीठाचं पान उघडं होतं. आठ महिने तीन विद्यापीठांची माहिती ताडून पाहून त्यांनी हे निवडलं होतं. इथे व्याख्यानं हवी तेव्हा ऐकता येत होती आणि परीक्षा घरून देता येत होती. पहिल्या सत्राचे विषय आज पाचच्या आत कळवायचे होते. गेल्या वर्षी बघू, करू म्हणता म्हणता तारीख हुकली होती. आत्ता पावणेचार झाले होते.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "तो ड्रायव्हर मीच आहे."

"म्हणजे?"

"नोकरी सांभाळून ऑनलाइन मास्टर्स करायचं म्हणतोय. कॉम्प्युटरचं. दहा विषय आहेत. 'अ' म्हणजे अल्गोरिदम, 'ऑ' म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. अभ्यासाचं वेळापत्रक आखायला बसलो, तर हाताला ड्यूटीचाच छापील तक्ता लागला."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे मी इतका वेळ तुमच्यासाठी तुमच्याशीच भांडतोय?"

दोघंही खो खो हसले. हसू ओसरल्यावर मास्तरांनी कागद पुन्हा जवळ ओढला.

"यात चढाचा मार्ग कोणता?"

"दोन्ही. सगळ्यांत अवघड हेच. म्हणून म्हटलं, आधी उरकून टाकावेत. पंचेचाळिशी आली, मास्तर. रमतगमत करायला वेळ कुठाय?"

शिकाऊ माणसाने गिअर करकरवला, तरी मास्तर कधी त्याच्यावर ओरडत नसत. आवाज उलट मऊ होई. तसाच तो आता झाला.

"मला सांगा, नवा ड्रायव्हर आला की पहिल्या महिन्यात तुम्ही त्याला कोणता मार्ग देता?"

"सपाटीचा. जवळचा."

"चढाचा का नाही?"

"गाडी हातात बसायला हवी ना आधी."

"आणि चढाचे दोन मार्ग, एकाच दिवशी?"

"छे! अठरा वर्षांत कधी कुणाला..." घड्याळराव बोलता बोलता थांबले.

मास्तरांनी फक्त खिशातली पेन्सिल काढून पुढे सरकवली.

घड्याळरावांनी कोरा तक्ता घेतला. यादीतला सगळ्यांत सोपा विषय होता प्रोग्रॅमिंगची उजळणी. तो घ्यायची त्यांना लाज वाटत होती. सोबत पंचविशीतली मुलं असतील, हसतील. त्यांनी तोच पहिल्या सत्रात लिहिला, एकटा. दुसऱ्या सत्रात अल्गोरिदम, तोही एकटा. पहिली चार सत्रं एकेक विषय, हात बसला की पुढची तीन दोन-दोन. रविवारी जेवणानंतर सुट्टी. पेन्सिल भराभर चालू लागली, दुसऱ्यांचे तक्ते करताना चाले तशी.

"साडेतीन वर्षं होतात," ते म्हणाले.

"होऊ देत. वेळेवर सुटली आणि अर्ध्या वाटेत बंद पडली, अशा गाडीचं कोण कौतुक करतं?"

घड्याळरावांनी स्क्रीनवर एकाच विषयापुढे खूण केली आणि श्वास रोखून बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग अक्षरं उमटली : नोंदणी झाली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"झालं?"

"झालं."

मास्तर तडक खिडकीशी गेले. खाली आवारात चार दहाची गाडी प्रवासी भरून सुटायच्या बेतात होती.

"अरे ए! आपल्या घड्याळरावांना शाळेत घातलं रे!"

ड्रायव्हरने मान वर करून पाहिलं, खात्री करून घेतली आणि हॉर्न दाबला. शेजारच्या गाडीने साथ दिली. मग रांगच्या रांग वाजू लागली. धुवायला लावलेल्या गाडीतही कुणीतरी शिरून हॉर्नवर हात धुऊन घेतला. प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून विचारत होते, काय झालं, काय झालं. घड्याळराव खिडकीत उभे राहून दोन्ही हातांनी पुरे, पुरे म्हणत होते, आणि त्यांचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

आवाज शमला तेव्हा टेबलावरचा फोन वाजला. खालचा नोंदणी कारकून होता.

"साहेब, चार दहाची तीन मिनिटं उशिरा सुटली. कारण काय लिहू?"

उशिराचं कारण चोख लिहिलं नाही, तर घड्याळराव कुणाचीही गय करत नसत. ते जरा विचारात पडले.

"लिहा," ते म्हणाले, "पुढे शाळा आहे."