अडीच द्वीपांचा पट

वास आधी सिद्धेशला आला. जळक्या वायरचा. त्याने कॅमेऱ्याचे दिवे बंद केले, प्लग काढून हुंगून पाहिला. वास त्याच्या सामानाचा नव्हता. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "मीटर बॉक्स पेटलाय, मीटर बॉक्स!"

घाटकोपरच्या त्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका जैन ट्रस्टचं पोथ्यांचं भांडार होतं. भांडार म्हणजे एकच खोली. सिद्धेश दिंडोशीहून तिथल्या जुन्या चित्रांचे फोटो काढायला आला होता, आणि भांडार सांभाळणाऱ्या रत्नप्रभाकाकू शेजारी बसून एकेक पान उलटून देत होत्या. काकू मूळच्या सांगलीकडच्या. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी जेरीला आणलेल्या.

सिद्धेशने दार उघडलं. जिना दिसेना. काळा धूर पायऱ्या चढून थेट त्याच्या तोंडावर आला. त्याने दार लोटून कडी घातली आणि खोकत खाली बसला.

"काकू, जिना गेला."

"गेला म्हणजे?"

"धूर भरलाय सगळा. उतरताच येणार नाही."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या आणि टेबलावरच्या पोथ्या उचलून लोखंडी कपाटात ठेवायला लागल्या. स्वर्गांच्या चित्रांच्या, नरकांच्या चित्रांच्या, सगळ्या.

"राहू द्या ना ते आता."

"कपाट पक्कं आहे. तेवढं तरी वाचेल की."

कुलूप लावताना त्यांच्या हातातून किल्ली निसटली. उचलली, पुन्हा निसटली. तेव्हा सिद्धेशच्या लक्षात आलं, त्याही घाबरल्यात. मग तो जास्तच घाबरला.

दाराखालच्या फटीतून धूर आत येत होता. त्याने अंगातला शर्ट काढला, कोपऱ्यातल्या मोठ्या माठात बुचकळला आणि फटीत कोंबला. फट बुजली. पण दाराच्या वर हवेसाठी लोखंडी जाळी होती, दाराएवढी रुंद. तिच्यातून धूर ओतत होता, छताखाली साचत होता आणि हळूहळू खाली उतरत होता. काकूंची साडी विरविरीत, ती काय अडवणार. खिडकीला गज. खाली गल्लीत माणसं वर बोटं दाखवून ओरडत होती. बंबाची घंटा ऐकू येत होती, पण ती जवळ येत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी दोन्हीकडे गाड्या लावलेल्या होत्या.

सिद्धेशची नजर भिंतीकडच्या फळीवर गेली.

फळीवर पट होता. फोटोसाठी त्यानेच तो चिमट्यांनी ताणून लावला होता. जाड सुती कापड, पलंगाच्या चादरीएवढं. मधोमध गोल जंबुद्वीप, त्याच्या पोटात पिवळाधमक मेरू. भोवती निळा खारा समुद्र, समुद्रात मासे. मग दुसरं द्वीप, पुन्हा समुद्र, आणि तिसऱ्या द्वीपाच्या मध्यावर डोंगरांचं कडं. त्या कड्यापलीकडे माणूस नाही, असं काकूंनी सकाळीच सांगितलं होतं. माणसाला जागा आहे ती एवढ्या अडीच द्वीपांतच.

त्याने नजर काढून घेतली. काकूंनी ती पाहिली होती.

"सासूबाईंनी सोपवलाय मला तो," त्या म्हणाल्या. "पर्युषणात लोक दर्शनाला येतात त्याच्या."

"मी काही बोललो नाही, काकू."

"नाही बोललास."

त्याने बायकोला फोन लावला. श्वेताचा "हॅलो" ऐकू आला, आणि त्याने फोन बंद केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराने असेल.

धूर आता डोक्यापर्यंत उतरला. काकू गुडघे धरून खाली वाकल्या. खोकल्याची अशी उबळ आली की त्या कोसळतात की काय असं त्याला वाटलं. उबळ ओसरल्यावर त्यांनी मान वर केली.

"काढ तो."

सिद्धेशने फळीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काढ की रे. माझा हात पुरत नाही तिथवर. मला भीती वाटतेय."

त्याने चिमटे काढले. पट माठात काकूंनीच दाबला, स्वतःच्या हातांनी, डोळे मिटून. पाणी निळं झालं, मग गढूळ झालं. सिद्धेश श्वास रोखून स्टुलावर चढला. डोळ्यांत मिरच्या भरल्यासारखं झालं. चाचपडत त्याने ओला पट जाळीवर पसरला आणि एकेक चिमटा लावत खाली उतरला.

धूर थांबला नाही. पातळ झाला.

दोघं गजांना तोंड लावून उभी राहिली. काकू मागे बघत नव्हत्या. सिद्धेश बघत होता. रंग ओघळायला लागले होते. समुद्र द्वीपांत शिरले, मासे गेले, डोंगर गेले, मेरूचा पिवळा रंग दारावरून खाली आला. मागून धूर कापडाला फुगवत होता, सोडत होता, पुन्हा फुगवत होता. दर वेळी त्याला वाटे, आता चिमटा सुटला.

अखेर दारावर कुऱ्हाडीचे घाव पडले.

खाली गल्लीत काकूंना एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. कुणीतरी पाणी आणून दिलं. ट्रस्टचे श्यामसुंदर धावत आले, त्यांच्यापुढे उकिडवे बसले.

"रत्नप्रभाताई, बऱ्या आहात ना?"

काकूंनी मान हलवली. श्यामसुंदरनी वर काळ्या पडलेल्या खिडकीकडे पाहिलं. त्यांचा आवाज उतरला.

"आणि पट?"

सिद्धेश उघड्या अंगाने तिथेच उभा होता, कोपरापर्यंत रंगाने माखलेला.

काकूंनी पाण्याचा घोट घेतला. तो गिळायला त्यांना बराच वेळ लागला.

"कामी आला," त्या म्हणाल्या.