अर्धी दाढी

“एड्स हिंगणघाटात आला असन, पन आपल्या गल्लीत पाय ठेवाची त्याची छाती नाई!” बापूजींनी खुर्चीतून जाहीर केलं.

तेवढ्यात फेस नाकात गेला आणि ते सात वेळा शिंकले.

कवडूच्या सलूनमध्ये बापूजींचा शब्द कोणी खोडत नसे. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दर गुरुवारी पहिला नंबर त्यांचाच. आज तर घाई होती. अकराला नात मोहिनीला बघायला पाहुणे यायचे होते.

कवडूनं नवीन ब्लेड फोडली.

“काऊन रे, तीस वर्षांत तुह्या हातानं साधं खरचटलं नाई. मंग ब्लेडा काऊन वाया घालून राह्यला?”

“सगळ्यायले नवीनच लावतो जी.”

डावा गाल झाला तेव्हा दहा वाजले. कवडूनं वस्तरा ठेवला आणि खिशातली मोठी गोळी पाण्याबरोबर गिळली.

“पित्त का?”

“चालू हाये.”

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सलून बंद असे. कवडू वर्ध्याला जाई. ब्लेडा आणायला, असं लोक म्हणत.

दारात पलीकडच्या गल्लीतला योगेंद्र उभा राहिला. दोन महिन्यांची दाढी वाढलेली. त्याच्या रक्ताचा रिपोर्ट त्याच्याआधी गल्लीला कळला होता.

“कवडूभाऊ, दाढी करून देता? दोन दुकानांतून हाकललं. दुपारी कापसाच्या जिनिंगमध्ये कामासाठी बोलावलं हाये. असा गेलो तं फाटकातूनच परत पाठवतीन.”

“बाहेर हो!” बापूजी ओरडले. “कवडू, याले बसवलं तं मी या दुकानाची पायरी चढनार नाई.”

“एकट्या यालेच नाई बसवाचं?”

“हा रोग ज्याले ज्याले असन, त्या कोनालेच इथं उभं करू नोको!”

“पक्कं?”

“पक्कं!”

“बरं जी.”

कवडूनं वस्तरा पुसला. खांद्यावरचा टॉवेल खुंटीला अडकवला. पायात चपला घातल्या.

“अरे, कुठं निघाला?”

“बाहेर. तुमीच म्हनता ना. हा योगेंद्र मले वर्ध्याच्या रांगेत भेटला. गोळीच्या. मले चार वर्षं झाले, बापूजी.”



बापूजींनी डाव्या गालावरून हात फिरवला. गुळगुळीत. चार वर्षांचे गुरुवार त्यांनी मनातल्या मनात मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. आरशात उजवा गाल पांढरा होता, फेस वाळत चालला होता. घड्याळात सव्वादहा झाले होते.

त्यांनी घसा खाकरला. योगेंद्रला बाकड्याकडे बोट दाखवलं.

“बस तिथं. माह्यानंतर तुहा नंबर.”

मग ते कवडूकडे वळले आणि हळूच म्हणाले, “इकडची बाजू तेवढी करून दे ना, बाप्पा.”