हरकतकाकांचा गौरव

“मी तुरुंगात गेलो नव्हतो,” हरकतकाका उभे राहून म्हणाले.

सभागृहाने बाकं वाजवली. सत्ताधारी बाजूचे नेते भाषण थांबवून कौतुकाने हसले. “हा विनय नव्या सदस्यांनी शिकावा,” ते म्हणाले आणि काकांचा तुरुंगवास त्यांनी पुढे वाचायला घेतला. कोठडीत म्हणे काकांनी कैद्यांना अक्षरओळख करून दिली होती.

काका खाली बसले. गुडघे बोलायला लागले म्हणून ते आमदारकी सोडत होते. जन्मभर त्यांनी एकच काम इमानेइतबारे केलं होतं. कुणी चुकीचं बोललं की उठायचं आणि हरकत घ्यायची. त्यापायी त्यांचं खरं नावही लोक विसरून गेले. आज त्यांच्या निरोपाचा ठराव होता. सगळी भाषणं एकाच कचेरीत लिहून झाली होती आणि कचेरीने घाईघाईत त्याच मतदारसंघातल्या आधीच्या आमदारांची माहिती उचलली होती. ते आमदार थोर होते. त्यांना वारूनही बराच काळ लोटला होता.

दुसऱ्या वक्त्याने काकांना नदीवरचा पूल बहाल केला.

“त्या पुलाला माझा विरोध होता,” काका म्हणाले. बाकं पुन्हा वाजली.

तिसऱ्याने त्यांच्या बासरीवादनाची आठवण काढली. काकांनी हात जोडून सांगितलं, की बासरी कुठल्या बाजूने धरतात तेही आपल्याला ठाऊक नाही. दोन-तीन सदस्यांचे डोळे पाणावले.

वर प्रेक्षकांच्या सज्जात काकांची बायको बसली होती. शेजारच्या बाई तिच्याकडे झुकल्या. “तुरुंगाचं तुम्ही कधी बोलला नाहीत ते?”

“मलाही आत्ताच कळतंय,” ती म्हणाली. “आता घरी जाऊन बासरी शोधायला हवी.”

खाली काकांचा चेहरा उतरत चालला होता. सुरुवातीला त्यांना हसू आलं होतं. मग राग आला. आता मात्र एकच विचार मनात घोळत होता. इतकी वर्षं आपण याच बाकावर बसलो, घसा कोरडा केला, आणि समोरच्या एकालाही आपण दिसलो नाही. गाशा गुंडाळून घरी जायचं, तर नेमकं कोण जाणार?

चौथा वक्ता त्यांना अजातशत्रू म्हणाला. काका उठलेच नाहीत.

उठले ते समोरच्या बाकावरचे माजी बांधकाममंत्री. त्यांच्या हातात कागद नव्हता. काकांच्या आणि त्यांच्यामधून विस्तव जात नव्हता, हे सभागृहातल्या शिपायांनाही माहीत होतं.

“अजातशत्रू?” ते म्हणाले. “मग मी कोण?”

कुणी बाक वाजवलं नाही.

“या माणसाने माझ्या रुग्णालयाचं उद्घाटन अडवलं. का, तर म्हणे जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळणार नाही. मी म्हटलं, वळेल. तर हा स्वतः स्ट्रेचरवर आडवा झाला. माझ्याच इंजिनिअरांना उचलायला लावलं आणि वळणावर अडकला. मग उतरेना. खाली बँड वाजतोय, पाहुणे ताटकळलेत, आणि हा उताणा पडून मला सांगतो, आधी रॅम्पचं लेखी द्या. दिलं मी. तिथेच, जिन्यात. याच्या पोटावर कागद ठेवून सही केली.”

काकांनी मान वर केली.

“मागे माझ्या आईला त्याच रॅम्पवरून वर नेलं. वेळेत नेलं म्हणून ती वाचली. तेव्हासुद्धा मला याचाच संताप आला. असा हलकट माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही.” मंत्र्यांनी काकांकडे बोट केलं. “आणि आता म्हणे हा चाललाय.”

ते धपकन खाली बसले.

सभागृहात चुळबूळ सुरू झाली. अध्यक्षांनी घंटा वाजवली. “‘हलकट’ हा शब्द असंसदीय आहे,” ते म्हणाले. “सन्माननीय सदस्यांचं हे सगळं भाषण कामकाजातून काढून टाकण्यात यावं.”

हरकतकाका उठले. एक हात गुडघ्यावर, एक बाकावर. पण असे ताठ उठले, की सज्जातली बायको कठड्यापर्यंत पुढे सरकली.

“अध्यक्ष महाराज,” ते म्हणाले, “काढायचंच असेल, तर त्या थोर गृहस्थांना काढा. हलकट तेवढा राहू द्या. तो मी आहे.”