आडात नसलेली ओळ

मठातले वडीलधारे साधू, रब्बान जक्काय, यांनी चाकूचं पातं कातड्याच्या पानावर टेकवलं आणि हात थबकला. भर दुपारी, उर्हाय शहराबाहेरच्या मठात, मेलेले गुरू रोजच्यासारखे त्यांच्या मागे येऊन उभे राहिले होते.

“खरवडा ती ओळ, रब्बान,” बिशपांनी पाठवलेला बर्हदद म्हणाला. “अंताकियाहून गुरूंची मूळ ग्रीक पोथी आलीय. बाप्तिस्म्याआधी गेलेली मुलं स्वर्गाच्या दाराबाहेरच राहतात, असं त्यांनी लिहिलंय. तुमच्या सुर्यानी भाषांतरात दार त्यांना आतून उघडतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं?”

“त्या पानाशी आलो तेव्हा खिडकीबाहेर मुलं रडत होती.”

“कुणाची?”

“बाहेर कुणीच नव्हतं.”

बर्हददनं छातीवर क्रूस काढला. “म्हातारचळ, दुसरं काय!”

“तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो.”

ती ओळ लिहिली आणि रडणं थांबलं. गुरू मात्र त्या दिवसापासून बोलायचे बंद झाले, नुसतेच येऊन उभे राहत. ज्यांचा शब्द न् शब्द जपला त्यांनाच दगा दिला, हे जक्कायना तीस वर्षं आतून खात होतं. खरवडलं की सगळं मिटणार होतं.

तेवढ्यात पाथरवटाची बायको शमूनी दारात आली. हातात लोकरी कापडात गुंडाळलेलं इवलंसं गाठोडं.

“जन्मायच्या आधीच गेला, रब्बान, बाप्तिस्म्याचं पाणीही लागलं नाही. बायका म्हणतात, गुरूंची एक ओळ आहे असल्या लेकरांसाठी. तेवढी वाचता?”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर तिचं समाधान झालं असतं. पण गुरूंच्या देखत जक्कायना खोटं बोलवेना.

“ती ओळ गुरूंची नाही, पोरी. माझी आहे.”

शमूनीनं विचारलं, “मग दार उघडतं, हे तुम्हाला कसं ठाऊक?”

“ठाऊक नाही. दुसरं काही लिहवलं नाही मला.”

“ऐकलंस ना? जा आता घरी,” बर्हदद म्हणाला.

घरी जायच्या ऐवजी ती पुढे झाली, चाकू बाजूला सारला आणि गाठोडं त्या उघड्या पानावर अलगद ठेवलं.

“तुमची तर तुमची. म्हणा,” ती म्हणाली. “पण जरा मोठ्यानं. ह्यानं अजून कुणाचाच आवाज ऐकलेला नाही.”