दोन बुवा, एक आख्यान

मोरेश्वरबुवा कीर्तनासाठी चंद्रावरच्या दत्तमंदिरात पोहोचले खरे, पण माणसं क्षणात पोहोचवणाऱ्या प्रेषणपेटीतून एका बुवांचे दोघे होऊन उतरले. एक निव्वळ सज्जन, दुसरा निव्वळ दुर्जन. तंत्रज्ञ बुवांच्या पत्नीला, यमुताईंना म्हणाला, "काकू, तासाभरात एकाला पुसायचं, नाहीतर दोघांना परत जोडायचं. सही तुमची लागेल."

"सज्जनच ठेवा की!" विश्वस्त म्हणाले. यमुताईंनाही पटत होतं. दुर्जनाने आल्या आल्या प्रसादाचे पेढे संपवले होते, आणि सज्जनाने संसारात पहिल्यांदाच त्यांना चहा करून दिला होता.

सज्जन कीर्तनाला उभा राहिला. पूर्वरंग गोड झाला. आख्यान प्रल्हादाचं होतं. त्याचा हिरण्यकशिपू खांबापाशी आला आणि म्हणाला, "बाळा, दमलास ना? बस जरा." आता नरसिंहाने प्रकट तरी कशाला व्हावं? श्रोते जांभया देऊ लागले.

तेव्हा दुर्जनाने चिपळ्या हिसकावल्या. "कुठाय रे तुझा देव?" अशी डरकाळी फोडली की पोरं आयांना बिलगली. पण प्रल्हादाने हात जोडायची वेळ आली आणि त्याला शब्दच फुटेना. मागून सज्जनाने सूर धरला, आणि यमुताईंचे डोळे भरून आले. हे त्यांचे बुवा!

"जोडा," सही करत त्या म्हणाल्या. "मी माळ घातली तेव्हा दोघेही एकाच अंगरख्यात होते."

पेटीतून एकच बुवा उतरले. "चहा कुठाय?" ते खेकसले. मग जरा घुटमळून म्हणाले, "की मीच टाकू?"