अंगणातला माइक

अपेक्षाच्या कंपनीचं यंत्र डॉक्टरांचं बोलणं ऐकून लिहून काढायचं. आता त्याला शेतीतलं बोलणं शिकवायचं होतं, म्हणून ती रिहे गावात आशालतामावशींच्या अंगणात लॅपटॉप आणि माइक घेऊन बसली.

"यंदा भात लई चांगलं आलंया," मावशी म्हणाल्या.

पडद्यावर उमटलं, 'रुग्णाचा श्वास मंदावतोय.'

"दवाखान्यात शिकलंय ना, अजून तिथलंच ऐकतंय," अपेक्षा हसली आणि तिनं वाक्य दुरुस्त केलं.

"थांब, मालकास्नी उठवते. बियाण्यातलं त्यास्नी जास्त कळतं," म्हणत मावशी आत गेल्या.

अंगणात कुणीच बोलत नव्हतं. तरी पडद्यावर अक्षरं उमटली, 'नाडी लागत नाही. नातेवाईकांना आत सोडू नका.'

"मावशी, थांबा!" अपेक्षा ओरडली.

आतून हाक आली, "अवो, उठा की!"

ती हाक मात्र यंत्रानं अक्षर न् अक्षर बरोबर लिहिली.